किमान वेतन : दया नव्हे, हक्क

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वसई-विरारच्या कोणत्याही मजूर नाक्यावर सकाळी काय दिसते? बायामाणसे थापी-घमेले घेऊन उभी असतात. ठेकेदार येतो, भाव पाडतो, आणि ऊन चढेपर्यंत माणूस मिळेल त्या भावात निघून जातो. असे का होते? बटाटा आज विकला नाही तर उद्या विकता येतो. मजुराचा आजचा दिवस बुडाला की बुडालाच, आणि चूल तर रोज पेटवावी लागते. मालक थांबू शकतो, मजूर थांबू शकत नाही. किमान वेतनाचे सारे अर्थशास्त्र एवढ्यात आले.

हे जगाने आपल्या आधी ओळखले. न्यूझीलंडमध्ये १८९४ साली, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १८९६ साली आणि इंग्लंडमध्ये १९०९ साली असे कायदे झाले. आपल्या देशात ११ एप्रिल १९४६ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री या नात्याने मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. बाबू जगजीवनराम मजूरमंत्री असताना १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्याची मूळ यादी पाहा : विडी, तेलगिरणी, खडी फोडणे, रस्ते व इमारतीचे बांधकाम, चामडी कमावणे, नगरपालिकेची कामे आणि शेती. ही कोणाची कामे? ज्यांना युनियन नाही, ज्यांच्यामागे कोणी उभे नाही, त्या आपल्या माणसांची!

आमच्या आजा-पणजाने गावकीची कामे केली. सांगावा पोचवला, मेलेली ढोरे ओढली. मोबदला काय, तर बलुते आणि शिळी भाकर. कामाचा दर ठरवून मागण्याची सोयच नव्हती. म्हणून मजुरी ठरवून घेणे हा आमच्यासाठी पोटाइतकाच स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

आमचा पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. याच मुलखात १९४५ साली वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली संप केला. मागणी साधी होती : पाचशे पौंड गवत कापल्यास अडीच रुपये. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि इतर आदिवासी हुतात्मे झाले. तेव्हा किमान वेतनाचा कायदाही नव्हता. पुढे कायदा आला तरी वेठ संपली नाही. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, आणि त्यानंतरही आपल्या वसई तालुक्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवावे लागले. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही वेठच आहे आणि घटनेच्या २३ व्या कलमाचा तो भंग आहे.

काही शहाणे म्हणतात, मजुरी वाढवली की कामेच जातील. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९२ साली किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील खानावळी शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील खानावळींशी ताडून पाहिल्या. नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याचा अर्थ दर कितीही वाढवला तरी चालेल असा नाही. पण जिथे मालक आपल्या जोरावर भाव पाडून ठेवतो, तिथे कायद्याने दर वर आणल्यास काम बुडतेच असे नाही.

आता आजचे बोलू. १९४८ च्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी दावा सहा महिन्यांत करावा लागे, आता तीन वर्षांची मुदत आहे. जादा कामाला दुप्पट दर आहे. वेतनाची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. पण कायदा कपाटात राहिला तर त्याचा उपयोग काय? वीटभट्टीवर उचल दिली जाते, आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. वही मालकाकडे! गोखिवरे-वालीवच्या गाळ्यांत काम करणाऱ्या आमच्या मुला-मुलींनी एवढे तरी करावे : रोजची हजेरी आणि मिळालेला पैसा स्वतःच्या वहीत लिहावा, चिठ्ठी मागावी, आणि एकट्याने न भांडता दहाजणांनी मिळून जावे. शिका, संघटित व्हा, हे फक्त भिंतीवर लिहिण्यासाठी नाही.

आणि शेवटी एक कडू गोष्ट. आज आपल्यापैकी अनेकजण फ्लॅटमध्ये राहतात. सोसायटीचा वॉचमन बारा तास उभा असतो, झाडूवाली बाई महिन्याची सुट्टी मागते, विहाराचे प्लास्टर ठेकेदाराचे मजूर करतात. त्यांना काय मिळते, हे आपण विचारतो का? तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात सांभाळावे, वेळेवर रजा द्यावी. ज्यांच्या बापजाद्यांनी वेठ सोसली, त्यांच्या दारात कोणी वेठ करता कामा नये. पुढच्या वेळी विहाराच्या कामाचा ठेका देताना मजुरांचा दर आधी लिहून घ्या, मगच सही करा.