मज्जानलिकेचे दोष : काळजी गर्भधारणेपूर्वीच हवी
(मांद्रे, ता. पेडणे येथील ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासाठी भाषण)



गरोदर स्त्रीची काळजी पाळी चुकल्यानंतर सुरू करावयाची असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एका बाबतीत ही समजूत फार महागात पडते. गर्भाच्या पाठीवर प्रारंभी एक सपाट पट्टी असते. तिच्या कडा उचलल्या जाऊन जुळतात व नळी तयार होते. हीच मज्जानलिका. तिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात. गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत ही नळी मिटते. त्या वेळी कित्येक स्त्रियांना दिवस गेल्याची कल्पनाही नसते.

नळी वरच्या टोकाला उघडी राहिल्यास मेंदू व कवटी यांची पूर्ण घडण होत नाही व असे मूल जगत नाही. ती खाली उघडी राहिल्यास कण्यात फट राहते. पायांतील शक्ती व मलमूत्रावरील ताबा यांवर परिणाम होतो, पुष्कळदा डोक्यात पाणी साठते. शस्त्रक्रियेचा उपयोग होतो आणि अशी मुले शाळेतही जाऊ शकतात. परंतु झालेली हानी पूर्णपणे भरून निघत नाही.

यावरील उपायाचा आरंभ मुंबईत झाला. डॉ. ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून तेथे गरोदर गिरणीकामगार स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे १९९१ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सात देशांतील प्रयोगाने सिद्ध केले की, आधीचे अपत्य या दोषाने ग्रस्त असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून हे औषध घेतल्यास दोषाची पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटते.

म्हणून अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने निदान एक महिना आधीपासून गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांपर्यंत दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. पूर्वी असे मूल झालेल्या, मधुमेह असलेल्या वा अपस्माराची औषधे घेणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. त्यांना अधिक मात्रा लागू शकते. अपस्माराचे औषध मात्र परस्पर बंद करू नये.

तांबडी भाजी, अळसांदे, मूग यांतही हे जीवनसत्त्व आहे. भाजी फार शिजवू नये व तिचे पाणी फेकू नये. तथापि, आहार गोळीची जागा घेऊ शकत नाही.

ग्रहणात सुनेने विळी हाती धरली म्हणून मूल असे जन्मले, असा दोष देणे अन्यायाचे आहे. ग्रहणाचा यात काहीही संबंध नाही. गोळ्या घेऊनही क्वचित दोष उद्भवतो; तेव्हाही त्या मातेला बोल लावू नये.

शिक्षकांनी हे ज्ञान मोठ्या मुलामुलींना द्यावे. आरोग्यसेविकांनी नवविवाहितांना भेटावे. सासूबाईंनी सुनेला पहिल्या ओटभरणीची वाट न पाहता आरोग्य केंद्रात न्यावे. गोळी अल्प मोलाची आहे. वेळ मात्र एकदाच येते.