बैलाच्या जागी तीनचाकी : घेताना आणि घेतल्यावर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून बाजार, कर्ज आणि विमा यांवर पुष्कळ बोलून झाले. आमच्याकडे आलेला विषय लहान आहे आणि हात काळे करणारा आहे. फटफटीचे तोंड आणि मागे दोन चाके असलेले डवरणीचे यंत्र अमरावती-अकोल्याकडच्या वावरात आले आहे. आम्ही पाच घरांनी मिळून असे एक यंत्र घेतले आणि त्यावर दोन हंगाम काढले. तेवढ्या अनुभवावरून आम्ही बोलणार आहोत.

हे यंत्र कोठून आले ते आधी सांगतो, कारण ते कोणा मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेले नाही. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात मोटा देवळिया नावाचे गाव आहे. तिथले मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास, दुष्काळात बैल पोसणे अशक्य झाले तेव्हा, एनफिल्ड बुलेटचे मागचे चाक काढले. त्या जागी दोन चाकांचा सांगाडा बसवला आणि त्याला पेरणीची, कोळपणीची अवजारे जोडली. लोक त्याला ‘बुलेट सांती’ म्हणू लागले. सांती म्हणजे तिकडचे बैलाचे अवजार. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांच्या कामाची दखल घेतली आणि २००५ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचा ‘एचएमटी’ धानाच्या वाणासाठी सन्मान करणारी संस्था हीच. त्यानंतर सौराष्ट्रातल्या लहान लहान कारखान्यांनी एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावरची तीनचाकी काढली. तिला तिकडे ‘सनेडो’ म्हणतात.

आता आपल्या अडचणीकडे येऊ. सोयाबीन असो की पराटी, पेरणीनंतरचे पहिले तीस-चाळीस दिवस तणाचे असतात. पाऊस उघडतो, वावर वापशावर येते, चार-पाच दिवस डवरा चालतो आणि पुन्हा झड लागते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी लवकर निचरत नाही आणि माती वाळली की लगेच टणक होते. तिथे हाती येणारे दिवस आणखी कमी. गावात बैलजोड्या होत्या तेव्हा एक बैल लंगडला तर शेजाऱ्याची जोडी मिळे. आता पाच घरांची वावरे एका यंत्रावर अवलंबून आहेत. ते त्या चार दिवसांत बंद पडले तर पाचही घरांत निंदणाची मजुरी वाढते, आणि निंदायला बाया मिळतील याचा भरवसा नाही. म्हणून ही देखभाल कोणाची हौस नाही. हंगाम हाती राहणार की तणात जाणार, हे तिच्यावर ठरते.

आमच्यातले एक म्हातारे बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले, “बैल थकला का उभा राह्यते. हे लोखंड काही बोलत नाही.” आम्ही तेच धरून चाललो. लोखंड बोलत नाही, म्हणून आपणच त्याला रोज विचारायचे.

पहिली गोष्ट चाकांची, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ट्रॅक्टरची पुढची-मागची चाके साधारण एकाच वाटेने जातात, म्हणजे त्याच्या वाटा दोन. तीनचाकीच्या वाटा तीन. मागची दोन चाके दोन बाजूंना आणि पुढचे चाक बरोबर मध्ये. म्हणून मागच्या दोन चाकांमधले अंतर ओळींच्या अंतराच्या दुप्पट पाहिजे. सोयाबीन १८ इंचावर पेरले असेल तर मागचे अंतर ३६ इंच, टायरच्या मध्यापासून टायरच्या मध्यापर्यंत. मग दोन ओळी पोटाखालून जातात आणि पुढचे चाक त्या दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत चालते. हेच अंतर ५४ इंच ठेवले तर मागची चाके नीट मोकळ्या जागेत असतात, बघणाऱ्याला सगळे बरोबर दिसते, पण पुढचे चाक थेट पिकाच्या ओळीवरून जाते. विकणारा अंगणात यंत्र चालवून दाखवतो. अंगणात ओळी नसतात.

पराटीचे गणित वेगळे. तीन-चार फुटांच्या ओळींसाठी दुप्पट अंतर म्हणजे सहा-आठ फूट, आणि एवढे रुंद यंत्र धड वळत नाही. तिथे पूर्ण यंत्र एकाच मोकळ्या जागेतून जायला हवे. चार फूट म्हणजे ४८ इंच. यंत्राची बाहेरची रुंदी ३६ इंच असेल तर दोन्हीकडे सहा सहा इंच उरतात, आणि फांद्या पसरेपर्यंत ते चालते. तीन फुटांच्या पराटीत हे यंत्र घालू नये. तिथे डवराच बरा, आणि ज्याच्याकडे बैल आहेत त्याने ते विकण्याची घाई करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावरून ध्यानात येईल की यंत्राची जुळणी पेरणीच्या दिवशीच सुरू होते. पेरणीयंत्राच्या एका फेरीतल्या ओळी सारख्या अंतरावर पडतात, पण दोन फेऱ्यांच्या जोडावरचे अंतर ड्रायव्हरच्या हातावर असते. कुठे १५ इंच पडते, कुठे २२. म्हणून यंत्राची चाके जोडावर येऊ नयेत अशी फेरी धरावी. आणि दोन्ही धुऱ्यांकडे वळायला दहा-बारा फूट जागा ठेवावी. ती पडीक ठेवायची गरज नाही, तिथे आडवी पेरणी करावी.

दिवसाला किती एकर होते, असे सगळे विचारतात. दुकानदाराचा आकडा घेऊ नका, स्वतः हिशेब करा. १८ इंचाच्या तीन मोकळ्या जागा एका फेरीत निघाल्या तर काम साडेचार फूट रुंदीचे होते. ताशी तीन किलोमीटरने चालले तर तासाला साधारण एक एकर, तेही वळणे, डिझेल भरणे आणि पासेत अडकलेले गवत काढणे सोडून. ते धरले की एकराच्या आतच येते. याहून जोरात हाकले की माती उडून कोवळ्या रोपावर पडते.

आता इंजिन. यंत्र ट्रकमधून उतरले की किल्लीला हात लावण्याआधी ऑइलची पट्टी काढून बघा. वाहतुकीसाठी काही ठिकाणी ऑइल काढून पाठवतात. पहिले काही तास जड वखरणीला जुंपू नका, हलके काम द्या. नवे भाग एकमेकांवर घासून बसतात आणि त्याची बारीक लोखंडी कीस ऑइलमध्ये उतरते. म्हणून पहिले ऑइल लवकर बदलायचे असते. किती तासांनी, ते पुस्तिकेत दिलेले असते, बहुधा २५ ते ५० तासांच्या दरम्यान. काळे झालेले नाही म्हणून ते ठेवू नये. पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळे नटबोल्ट पुन्हा आवळा आणि पहिला आठवडा रोज आवळा. नव्या यंत्राचे बोल्ट जितके ढिले होतात तितके जुन्याचे होत नाहीत.

एअर क्लीनरबद्दल थोडे जास्त बोलतो. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. ती ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश कागदासारखी घासते, आणि पिस्टनच्या रिंगा एका हंगामात जातात. क्लीनर तेलाच्या वाटीचा असेल तर उन्हाळी वखरणीत वाटी रोज उघडून पाहावी आणि गाळ दिसला की तेल बदलावे. इंजिन दम टाकते म्हणून क्लीनर काढून चालवणारे मिस्त्री असतात. त्यांना चहा पाजून परत पाठवावे.

डिझेल ड्रममध्ये साठवत असाल तर पावसाळ्यात त्यात तळाशी पाणी जमते. तळाचे डिझेल कधी टाकीत ओतू नका आणि वरचेही कापडातून गाळून घ्या. टाकी रिकामी होऊन इंजिन बंद पडले की नळीत हवा धरते. मग कितीही हँडल मारा, ते सुरू होत नाही. फिल्टरजवळचा बोल्ट थोडा ढिला करावा, बुडबुडे जाऊन सलग धार येईपर्यंत डिझेल वाहू द्यावे आणि बोल्ट आवळावा. एवढे काम घरातल्या दोघा-तिघांना तरी यायला हवे. आमच्याकडे ते एका सुनेला सगळ्यात चांगले येते.

बेल्ट मध्यावर अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त ताणला तर बेअरिंग जाते, ढिला ठेवला तर घसरून जळतो. बेल्ट दोन असतील तर दोन्ही एकदम बदलावे. मागच्या दोन टायरांत हवा सारखी ठेवा, नाहीतर यंत्र एका अंगाला ओढते आणि चालवणारा दिवसभर हँडलशी भांडत बसतो.

सुट्या भागांची धास्ती बाळगू नका. कारखाना सौराष्ट्रात असला तरी बेअरिंग तिथेच मिळते असे नाही. प्रत्येक बेअरिंगवर आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये येते, इथे २५. हा आकडा सगळ्या कंपन्यांचा एकच, त्यामुळे त्यावर अकोल्यात, अमरावतीत, कुठेही माल मिळतो. यंत्र नवे आहे, आकडे स्वच्छ दिसतात, तोवरच बेल्टचे आणि बेअरिंगचे सगळे आकडे गोठ्याच्या भिंतीवर रंगाने लिहून काढा. नंतर ते ग्रीस आणि मातीखाली जातात.

जिवाचे बोलायचे तर तीन चाकांचे यंत्र चार चाकांच्या मानाने लवकर उलटते. उतारावर किंवा धुऱ्यावर अवजार उचलून जोरात वळवू नये. त्यावर माणसे बसवून पांदणीने नेऊ नये. बेल्टवरची जाळी काढून ठेवू नये, कारण पदर, दुपट्टा, शेला आत खेचायला त्याला क्षणही लागत नाही. कुटाराच्या ढिगाजवळ सुरू करू नये. रस्त्याचेही ऐका. ‘जुगाड’ गाड्यांनाही मोटार वाहन कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले आहे. ज्या यंत्राची नोंदणी नाही ते डांबरी रस्त्यावर न्यावे आणि अपघात झाला तर घर विकावे, असा धंदा करू नका. लांबच्या वावरात ट्रॉलीवर टाकून न्या.

पाच घरांचे यंत्र म्हणजे कोणाचेच नाही, ही भीती आम्हालाही होती. त्यावर आम्ही एक वही ठेवली. कोणत्या वावरात किती तास चालले, डिझेल किती, ऑइल कधी बदलले, एवढेच तिच्यात लिहितो. तासामागे ठरलेली रक्कम दुरुस्तीच्या डब्यात पडल्याशिवाय किल्ली पुढच्या घरी जात नाही. मालकाच्या स्वतःच्या वावरालाही तोच दर. किल्ली देताना पट्टी काढून ऑइल दाखवायचे. यावरून एकदा भांडण झाले, पण ते वहीवरच मिटले.

हंगाम संपला की धुऊन, पासांना जुने ऑइल चोपडून, चाके लाकडी ठोकळ्यांवर उचलून सावलीत ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात टायर तडकते. टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत गंज धरत नाही. उंदीर वायरी कुरतडतात, तेवढे बघा.

जेवणानंतर यंत्र मांडवामागे उभे राहील. मागची चाके सरकवून अंतर कसे बदलतात ते तिथे दाखवू. ज्यांनी घ्यायचे ठरवले आहे त्यांनी आपल्या पेरणीयंत्राच्या फणांमधले अंतर इंचांत लिहून आणावे.