मंडळीचे वडील आणि मंडळीतील तरुण

ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेत एक प्रश्न वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उभा राहतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर पंचविशी-तिशीतील तरुण-तरुणींना घ्यावे काय, हा तो प्रश्न होय. उत्तरही बहुधा ठरलेले असते. तरुणांचे कौतुक होते, त्यांनी नाताळची गाणी किती छान बसविली याचा उल्लेख होतो, रविवारच्या शाळेचा भार तेच वाहतात हेही मान्य होते, आणि मग कोणीतरी ज्येष्ठ गृहस्थ म्हणतात, "पोरे गुणी आहेत, पण अजून तयार नाहीत." सभा मान डोलावते आणि जुनीच नावे पुन्हा कागदावर चढतात. इंदूरसारख्या शहरात याचा परिणाम लवकर दिसतो. येथील शिकलेला मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला जातो. आणि जो मागे राहतो तोही, आपल्यावाचून येथे काही अडत नाही असे एकदा त्याच्या मनाने घेतले की, उपासनेला शेवटच्या बाकावर बसू लागतो.

वास्तविक या प्रश्नाची गुंतागुंत शब्दापासूनच सुरू होते. प्रेस्बिटेरियन पंथाचे नावच ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ 'वयाने वडील' असा आहे. आणि मराठी बायबलातही मंडळीच्या कारभाऱ्यांना 'वडील' असेच म्हटले आहे. तेव्हा तेवीस वर्षांच्या मुलाला 'वडील' म्हणताना जीभ अडखळली तर त्यात नवल नाही. तथापि हाच शब्द ज्या ग्रंथातून आला तो ग्रंथ वयाच्या बाबतीत समजला जातो तितका ठाम नाही. निवासमंडपाची सेवा करणाऱ्या लेव्यांसाठी 'गणना' या पुस्तकात एके ठिकाणी तीस वर्षांचे वय सांगितले आहे, थोडे पुढे तेच पंचवीस झाले आहे, आणि दाविदाच्या अखेरच्या काळात, 'पहिले इतिहास' या पुस्तकात, ते विसावर आले आहे. काम बदलले तसे वय बदलले, असा याचा सरळ अर्थ दिसतो. त्याच 'गणना' पुस्तकात आणखीही एक नियम आहे, पण तो सभांतून फारसा कोणी वाचून दाखवीत नाही. पन्नाशी उलटताच लेव्याने प्रत्यक्ष सेवेतून दूर व्हावे आणि पुढे आपल्या बांधवांना साहाय्य करीत राहावे, असा तो नियम आहे.

पौलाच्या पत्रांचा आधार दोन्ही पक्ष घेतात. तरुण तीमथ्याला त्याने धीर दिला, तारुण्यामुळे कोणी तुला हलके लेखू नये असे बजावले. आणि त्याच पत्रात, नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये, तो गर्वाने फुगेल, असेही लिहिले. यात विसंगती नाही. तीमथ्य वयाने लहान होता पण नवशिका नव्हता. पौलाबरोबर त्याने वर्षानुवर्षे प्रवास केला होता, आणि पौलाने त्याला एकट्यानेही मंडळ्यांकडे धाडले होते. विरुद्ध बाजूचे उदाहरण रहबामाचे आहे. शलमोनाच्या मागून तो गादीवर बसला, बापाच्या वृद्ध मंत्र्यांनी कर हलका करण्याचा सल्ला दिला, तो त्याने झिडकारला आणि आपल्याबरोबर वाढलेल्या सोबत्यांचे ऐकले. परिणामी दहा वंश फुटून निघाले. जुन्या पिढीला ही कथा फार आवडते. रहबाम त्या वेळी एकेचाळीस वर्षांचा होता, हे मात्र ती सांगताना सोयीस्करपणे राहून जाते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीचा आरंभकाल पाहिला तर तो सगळा तरुणांचाच इतिहास आहे. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. सारे शहर खवळले, शाळा ओस पडली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. धनजीभाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. हा मुलगा स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याइतका जाणता आहे काय, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता, आणि न्यायालयाने तो जाणता मानला. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा होता. न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. मग मुंबईच्या ब्राह्मणवर्गात, या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे की नाही यावरून मोठा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. ज्या बाळशास्त्रींनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढले, ते तेव्हा अवघ्या विशीत होते, हे जाता जाता लक्षात घेण्याजोगे आहे.

मुलाचे जाणतेपण कोर्टाने ठरविले, पण पुढची गोष्ट कोर्टाच्या हातची नव्हती. धनजीभाई विल्सनसाहेबांबरोबर स्कॉटलंडला गेले, तेथे धर्मशास्त्र शिकले आणि १८४६ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. वय सुमारे चोवीस. नारायण शेषाद्रींना बाप्तिस्म्यानंतर अकरा वर्षांनी, १८५४ मध्ये, दीक्षा मिळाली. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये तेविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांत 'यमुनापर्यटन' लिहून मराठीच्या वाङ्मयेतिहासात जागा मिळविली. पाळकाची दीक्षा मात्र त्यांना त्यानंतर दहा वर्षांनी मिळाली. या माणसांनी घर सोडले, वारसा सोडला, आईबापांचा शोक डोळ्यांनी पाहिला. अशा कसोटीतून गेलेल्यांना 'तयार नाही' कोण म्हणणार, असे आज वाटते. पण म्हणणारे होते. बहुतेक मिशनांत पैसा आणि मालमत्ता यांचा निर्णय परदेशी मिशनऱ्यांच्या हाती राही. हिंदी पाळक कितीही विद्वान असला तरी त्या टेबलापाशी त्याला खुर्ची नसे. आणि कारण विचारले तर उत्तर तेच येई: वेळ आलेली नाही, तयारी नाही.

या उत्तराचा उघड प्रतिवाद व्ही. एस. अझरायांनी केला. १९०३ मध्ये तिरुनेलवेलीच्या हिंदी मिशनरी सोसायटीच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला तेव्हा त्यांची तिशी उलटली नव्हती. १९१० च्या एडिंबरो परिषदेत त्यांनी जमलेल्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले, की तुमच्या त्यागाबद्दल कृतज्ञता आहे, पण आम्हांला तुमची मैत्री हवी आहे. अनेकांना ते झोंबले. दोन वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, ते दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन पंथातील ते पहिले हिंदी बिशप होत.

इंदुरातील घडामोडही याच वाटेने झाली. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये येथे काम सुरू केले, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघाले, दवाखाने आणि मुलींच्या शाळा निघाल्या. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी स्थापन झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मास आले. या सर्व काळात, 'हिंदी लोकांची तयारी झाली आहे काय?' हा प्रश्न ज्यांच्याविषयी विचारला गेला, त्यांचीच मुले-नातवंडे आज मंडळ्यांच्या समित्यांवर आहेत. आपल्या आजोबांना जे ऐकावे लागले तेच आपण आपल्या नातवाला ऐकवतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात येत नसावे.

असे असले तरी वृद्धांची शंका केवळ अधिकाराच्या हव्यासातून आलेली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंडळीचे नेतृत्व म्हणजे व्यासपीठावरून बोलणे नव्हे. रात्री दोन वाजता मृत्यू झालेल्या घरी जाऊन बसावे लागते. स्मशानभूमीतील जागेवरून दोन कुटुंबांत तंटा लागला तर दोघांच्याही घरचा चहा घेऊन तो मिटवावा लागतो. मिशनच्या काळापासून चालत आलेल्या जमिनींचे कागद, विश्वस्तनिधीचे नियम, शाळेतील नेमणुका, कोर्टातील तारखा, हे सारे सांभाळावे लागते. कोणत्या घराचे कोणाशी तीस वर्षांपूर्वी बिनसले, हे कोठल्याही वहीत लिहिलेले नसते. तरुणांचा उतावळेपणा येथे खरोखर घातक ठरू शकतो. पण हे ज्ञान येते कसे? वाट पाहत बसून ते येत नाही. कागद हाताळूनच येते.

इंदुराला याचे उदाहरण बाहेर शोधण्याचे कारण नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडला, तेव्हा अहिल्याबाईंचे वय एकोणतिशीच्या आत-बाहेर होते. मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिले नाही, एवढेच बहुधा सांगितले जाते. त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. स्वतः मोहिमेवर असताना त्यांनी मागील कारभार तिच्याकडे सोपविला, तोफखान्याची, रसदेची कामे पत्रांतून तिला सांगितली. १७६६ मध्ये मल्हारराव वारले, पुढच्याच वर्षी मालेराव गेला, आणि बेचाळीस वर्षांच्या अहिल्याबाईंनी राज्य हाती घेतले, तेव्हा बारा वर्षांची उमेदवारी त्यांच्या गाठीशी होती. ही उमेदवारी म्हाताऱ्याने स्वतः जिवंत असताना आणि अधिकार स्वतःकडे असताना दिली होती.

मंडळीतही याहून निराळा मार्ग संभवत नाही. चोविसाव्या वर्षी पुरोहिताची दीक्षा देता येते, असे इंग्लंडच्या मंडळीचा जुना नियम सांगतो; रोमन कॅथलिक कायदा पंचवीस म्हणतो आणि बिशपासाठी पस्तीस. या आकड्यांवर वाद घालण्यापेक्षा खजिनदाराच्या शेजारी एका तरुणाला बसवून वर्षभर हिशेब त्याच्याकडून लिहवून घ्यावा, पाळक आजाऱ्याच्या भेटीला जातील तेव्हा त्यांच्याबरोबर एका तरुण मुलीला न्यावे, मालमत्तेच्या कागदांची पेटी उघडताना कुलपाजवळ दोन पिढ्या उभ्या असाव्यात. आणि या तरुणांना समितीत मत असावे. नुसते 'निमंत्रित' म्हणून बसविण्याची जी रीत पडली आहे, तीत त्यांच्या वाट्याला खुर्च्या मांडण्यापलीकडे काही येत नाही. त्यांच्याकडून चुका होतील. जुन्या समित्यांकडूनही झाल्या आहेत, आणि त्यांतल्या काही कोर्टापर्यंत गेल्या आहेत.

वारस तयार करणे म्हणजे एकच माणूस हेरून ठेवणे, असाही एक समज आहे. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमाबाई परदेशातून शिकून आली, ऐन तारुण्यात शारदासदनाचा भार तिने उचलला, आणि आईच्या मागे मुक्तिसदन तीच चालविणार असे सर्वांनी गृहीत धरले. १९२१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ती वारली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. दोघी एका वर्षाच्या आत गेल्यावर केडगावचे काम मिटायला हवे होते. परंतु तेथे आश्रयाला आलेल्या मुलींनाच रमाबाईंनी शिक्षिका, परिचारिका, छापखान्यातील कामगार केले होते. १९०५ च्या धर्मजागृतीत आसपासच्या खेड्यांत तुकड्या करून गेल्या त्याही याच मुली. विहिरीच्या पाण्यापासून बायबलाच्या छपाईपर्यंत रोजचे काम कोणी कसे करायचे, हे त्यांना ठाऊक होते. केडगावचा आश्रम आजही चालू आहे.