डोळ्याचा पडदा तपासलात का?

(नालासोपारा इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. पण आज बोलणार आहे ते माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल.

माझे अब्बा टेम्पो चालवायचे. वालीव, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतला माल भिवंडीला पोहोचवायचा, हे त्यांचं काम. त्यांना बारा वर्षांपासून डायबिटीस होता. गोळी घ्यायचे, पण चहात साखर लागायचीच. घरात मी डोळ्यांचं शिकलेली, म्हणून वर्षातून एकदा मी त्यांचा नंबर काढायची आणि जवळचा चष्मा बदलून द्यायची. त्यांना लांबचं स्पष्ट दिसत होतं, तक्रार काहीच नव्हती. त्यांच्या डोळ्यांत औषध घालून, बाहुली मोठी करून, मागचा पडदा मात्र कधी तपासून घेतला नाही. दुसऱ्यांना रोज सांगत होते, घरात राहून गेलं.

एक दिवस फजरनंतर अब्बा म्हणाले, "बेटा, उजव्या डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं आल्यासारखं दिसतंय. पुसलं तरी जात नाही." दुपारपर्यंत ते जाळं काळ्या शाईसारखं पसरलं. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर डायबिटीसने काम सुरू करून काही वर्षं झाली असावीत, असं डॉक्टर म्हणाले. डावा डोळा लेझरने वाचला. उजव्याचं ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याला आता फक्त पाट्यांवरची मोठी अक्षरं दिसतात. टेम्पो विकावा लागला.

आपण ज्याला पडदा म्हणतो, तो म्हणजे रेटिना. डोळा कॅमेरा धरला तर पुढची भिंग बदलता येते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये तेच करतात. पण मागची फिल्म बदलता येत नाही. तो पडदा मेंदूचाच भाग आहे, खराब झालेला काढून नवा बसवता येत नाही. अरबी वैद्यकग्रंथांत या थराला 'शबकिया' म्हणत, म्हणजे जाळ्यासारखा. बाराव्या शतकात इब्न सीनाचा 'कानून' लॅटिनमध्ये गेला, तेव्हा जाळ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून 'रेटिना' हा शब्द रुळला. अब्बांच्या तोंडी त्या सकाळी तोच शब्द आला, फक्त फार उशिरा.

डायबिटीसमध्ये रक्तातली जास्त साखर पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत करते. त्या गळतात, बंद पडतात. रक्त कमी पडलं की पडदा नव्या रक्तवाहिन्या उगवायला सांगतो. पण त्या नव्या वाहिन्या नाजूक असतात आणि फुटतात. यातलं बरंचसं होत असताना दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजरही बराच काळ चांगली राहते. म्हणूनच 'मला तर सगळं दिसतं' हे वाक्य सगळ्यात धोक्याचं आहे.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना डायबिटीस आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी एक तरी आहे. ज्याला तो मोठेपणी होतो, म्हणजे टाइप २, त्याने निदान झालं त्याच वर्षी पडदा तपासावा आणि पुढे दरवर्षी. डायबिटीस असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी हवी, कारण गरोदरपणात हा त्रास वेगाने वाढू शकतो.

आता उपचार. लेझरबद्दल आपल्या वस्तीत एक समज आहे, "लेझर केलं आणि नजर गेली." खरं असं की लेझर गेलेली नजर परत आणायला करत नाहीत, उरलेली वाचवायला करतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत मोठी चाचणी झाली. पुढे गेलेल्या आजारात लेझरने गंभीर अंधत्वाचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो, हे तिथे सिद्ध झालं. अब्बांचा डावा डोळा त्यामुळेच शाबूत आहे. रात्री थोडं कमी दिसतं, ही त्याची किंमत.

पडद्याच्या मध्यभागी सूज आली तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, मला माहीत आहे. पण आधी डोळा बधिर करतात आणि सुई आत जाऊन यायला काही क्षण पुरतात. सुरुवातीला बहुतेकदा दर महिन्याला घ्यावं लागतं. बेव्हॅसिझुमॅब हे औषध मूळचं कॅन्सरसाठीचं, पण डोळ्यासाठी त्याचा अगदी थोडा डोस पुरतो, म्हणून ते बरंच स्वस्त पडतं. "स्वस्त पर्याय आहे का?" हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. आणि दोन इंजेक्शनं घेऊन बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

आत रक्त साचलं किंवा पडदा ओढला गेला तर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन. रॉबर्ट मॅकेमर यांनी ते १९७० च्या सुमारास सुरू केलं. कधी आत गॅस भरतात आणि काही दिवस मान खाली घालून राहायला सांगतात. गॅस विरेपर्यंत विमानप्रवास चालत नाही. उमराहचं तिकीट काढलेलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं म्हाताऱ्यांचं. तर तुमच्यासाठी तीन गोष्टी सांगते.

पहिली. ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, त्यांचा पडदा ताणलेला आणि पातळ असतो. अचानक विजेसारखे चमकारे दिसले, काळे ठिपके उडताना दिसले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नुसतं छिद्र असेल तर लेझरने भागू शकतं. पडदा सुटला तर ऑपरेशन लागतं, आणि मधला भाग सुटायच्या आत गेलात तर नजर वाचण्याची शक्यता खूप जास्त असते.

दुसरी. घरात ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं, तर त्याच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्या. दवाखान्यातून घरी सोडताना कुणी सांगितलं नाही तरी तुम्ही विचारा. ही वेळ गेली तर बाळाला कायमचं अंधत्व येऊ शकतं.

तिसरी जरा नाजूक आहे. कुणाला लहानपणापासून रातांधळेपणा असेल आणि बाजूचं दिसणं हळूहळू कमी होत असेल, तर तो रेटिनायटिस पिगमेंटोसा असू शकतो. तो आनुवंशिक आहे. त्याच्या एका प्रकारात आई-वडील दोघांकडे एकच दोषी जनुक असतं. त्यांना स्वतःला त्रास नसतो, पण प्रत्येक बाळंतपणात चारात एक इतका धोका असतो. जवळच्या नात्यात लग्नं झाली की असं जुळून येण्याची शक्यता वाढते. हे फक्त आपल्या समाजाचं नाही, महाराष्ट्रात मामेबहीण-आतेभाऊ लग्नं अनेक जातींत होतात. घरात असा रुग्ण असेल तर रिश्ता ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. त्या रुग्णाला किंवा त्याच्या आईला बोल लावू नका.

सुरमा, मध, जडीबुटीचे थेंब पडद्याचा कुठलाच आजार बरा करत नाहीत. काही सुरम्यांत शिसं आढळलेलं आहे, लहान मुलांना तर लावूच नका. रमजानमध्ये तपासणी पुढे ढकलू नका. डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, असं अनेक उलेमा सांगतात, शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा. पण डायबिटीस असेल तर रोज्याआधी डॉक्टरांशी औषधाच्या वेळा जरूर ठरवा.

आता आपण काय करायचं? भारतात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याने मोतीबिंदूवर मोठं काम केलं. त्यामुळे शिबिर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोतीबिंदू आणि चष्मेवाटपच येतं. यापुढे मोहल्ल्यात शिबिर घ्याल तेव्हा आयोजकांना एकच प्रश्न विचारा, "पडदा तपासणार का?" आपल्या महापालिकेच्या दवाखान्यांत पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा असावा, यासाठी नगरसेवकांना निवेदन द्या. धारावीत आदित्य ज्योत रुग्णालयाच्या डॉक्टरांनी वस्तीत जाऊन डायबिटीसच्या रुग्णांचे पडदे तपासले. मग संतोष भुवनमध्ये, पेल्हारमध्ये का नाही?

पैशांचा प्रश्न आला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि कुठला उपचार बसतो ते त्यालाच विचारा. मुंबईत जेजे, केईएम, नायर ही सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं आहेत. आणि लक्षात ठेवा, थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं. त्या अवस्थेत म्हातारा माणूस एकटा विरार लोकलच्या गर्दीत चढू शकत नाही. तुमची एक दिवसाची सुट्टी लागेल. ती घ्या.

अब्बा आता घरीच असतात. एका डोळ्याने अखबार वाचतात. परवा माझ्या चाचांना घेऊन स्वतः रांगेत बसले होते. चाचा म्हणत होते, "मला तर सगळं दिसतं." अब्बा म्हणाले, "मलाही दिसत होतं."

आज घरी गेल्यावर ज्यांना डायबिटीस आहे त्यांना विचारा, पडदा शेवटचा कधी तपासला? उत्तर आलं नाही, तर उद्याच तारीख ठरवा.