नळीची तारीख हप्त्यासारखी पाळा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मनोगत)



आज बचतीचं नाही, पोटातल्या एका नळीचं बोलायचं आहे. खड्यांमुळे आपल्यातल्या कितीतरी जणींची पित्ताची पिशवी काढलेली आहे. दुर्बिणीतून होणारं हे ऑपरेशन आपल्या देशात पहिल्यांदा १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केलं. बहुतेकींना नंतर काही त्रास होत नाही. पण क्वचित यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी दुखावते आणि जखम भरताना आकसते. हे काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही कळतं.

माझं तसंच झालं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढरट, रात्रभर अंगाला खाज. घरचे म्हणाले, कावीळ आहे, झाडपाला घे. मी १५ दिवस घेतला. शेवटी थंडी वाजून ताप भरला, तेव्हा पुण्याला नेलं.

तिथे गुंगीचं औषध देऊन तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेली. आकसलेली जागा फुग्याने रुंद केली आणि प्लॅस्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवला. पोटावर टाका नाही. मात्र नळी पूर्ण कापली गेली असेल तर मोठं ऑपरेशनच लागतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, ही नळी गाळाने तुंबते, साधारण ३ महिन्यांनी बदलायची, असं वर्षभर. पण कांदाकाढणी आली. मला बरं वाटत होतं, म्हटलं पुढच्या महिन्यात जाऊ. नळी तुंबली, पित्तात जंतू झाले, जीवावर बेतलं. घरची मजुरी बुडाली ती वेगळीच.

बायांनो, गटाचा हप्ता आपण चुकवतो का? मग जिच्या पोटात नळी आहे, तिची तारीख सभेच्या वहीत लिहा. त्या आठवड्यात तिला आठवण करा, सोबत एकीने जा.

ऑपरेशनचे कागद, रेशनकार्ड, आधार एकाच पिशवीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

आणि पित्ताच्या ऑपरेशननंतर डोळे पिवळे दिसले तर कावीळ उतरवायला जाऊ नका. जुन्नर, घोडेगाव, मंचर, जो दवाखाना जवळ असेल तो गाठा आणि पहिलं वाक्य हेच सांगा, “माझी पित्ताची पिशवी काढली आहे.” सोबत ताप, थंडी असेल तर सकाळची वाट पाहू नका.