दुःखाचे दिवस आणि देवाचा भरवसा

श्रोतेहो, मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या, की गावच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. कुणीतरी वडीलधारा माणूस आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, "देवाला काळजी." बाकीचे माना डोलावतात. पण ज्याचं पेरलेलं बी मातीतच करपलं आहे, दुबार पेरणीला पैसा नाही आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, असा एखादा त्या घोळक्यात असतो. तो मान डोलावत नाही. बहुधा तो बोलतच नाही. आज मला त्या न बोलणाऱ्या माणसाविषयी बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी तुकोबांचा आधार घेणार आहे. कारण एके काळी तुकोबा हेच तो माणूस होते.

तुकाराम म्हटलं की आपल्यापुढे भिंतीवरच्या तसबिरीतले शांत, डोळे मिटलेले तुकोबा येतात. देहूचा वाणी आपल्याला दिसत नाही. मोऱ्यांचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. ऐन तारुण्यात आईबाप गेले, आणि मग आला 1630 चा दुष्काळ. दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलखांना त्याने पोळून काढलं. त्या दिवसांत आपल्या घरी काय झालं, हे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलं आहे: पैसा आटला, अब्रू गेली, आणि एक बायको अन्न अन्न करीत मेली. मला लाज वाटली, असंही ते म्हणतात. लाज वाटली हा शब्द, श्रोतेहो, नीट ऐका. तिथे अजून देवाच्या कृपेची गोष्ट नाही. बायकोला घासभर अन्न देऊ न शकलेल्या नवऱ्याची ती लाज आहे.

आता याच तुकोबांचा दुसरा एक अभंग आहे. त्यात ते म्हणतात, दिवाळं निघालं हे बरं झालं, दुष्काळाने छळलं हेही बरंच झालं; त्यामुळे तर देवा, तुझी आठवण राहिली. आम्ही मराठीचे शिक्षक हा अभंग फार हौसेने शिकवतो. 'संकटातही ईश्वराचे आभार मानणारी वृत्ती' असं फळ्यावर लिहिलं की काम झालं. परीक्षेला प्रश्नही तोच येतो. मीही कित्येक वर्षं असाच शिकवीत आलो.

एकदा तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. तिची आई आदल्या वर्षी दीर्घ दुखण्याने गेली होती. हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, "सर, तुकारामांना बरं झालं असं वाटलं. पण त्यांच्या बायकोलाही तसंच वाटलं असेल का?"

मला उत्तर आलं नाही. "बघून सांगतो," म्हणालो आणि घरी येऊन गाथा उघडली. पाठ असलेले अभंग त्या रात्री मला निराळे लागले.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की 'बरं झालं' हे तुकोबा स्वतःपुरतं म्हणतात, आणि मागे वळून पाहताना म्हणतात. दुष्काळ चालू असताना शेजारच्या घरी जाऊन त्यांनी हे कुणाला ऐकवलं, असं कुठे सापडत नाही. परंपरा सांगते ते वेगळंच आहे. घरातली कर्जखतं त्यांनी भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ज्यांची ती खतं होती, त्या कुळांना देवाचा चांगुलपणा कसा समजला असेल? उपदेशाने नव्हे; आपला कागद पाण्यात गेला या बातमीने. आपल्यापैकी ज्यांनी सावकाराचा कागद पाहिला आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

दुसरी गोष्ट तेरा दिवसांची. शूद्राने अशी कविता करावी याला धर्मपंडितांनी हरकत घेतली आणि वह्या नदीत टाकाव्या लागल्या. तेव्हा तुकोबा इंद्रायणीकाठी डोळे मिटून, अन्नपाणी सोडून तेरा दिवस पडून राहिले. याला आपण श्रद्धेने वाट पाहणं म्हणतो. खरं तर ते धरणं होतं. देवाच्या दारात बसून देवाशीच मांडलेलं भांडण. नंतर त्यांनाच वाईट वाटलं. लोकांच्या बोलण्यापायी मी तुझा अंत पाहिला, माझ्या तहानभुकेचा भार तुझ्यावर घातला, अशी माफी त्यांनी देवाजवळ मागितली आहे. पण ती माफी भांडून झाल्यावरची. मला वाटतं, भरवसा असतो तिथेच माणूस असा हट्ट धरतो. परक्याच्या दारात कोण तेरा दिवस बसेल?

आणि जिजाई! तुकोबांची ही दुसरी बायको विठ्ठलाला 'काळ्या' म्हणून शिव्या घालायची, असं लोक अजून सांगतात. पोरं भुकेली, घरात दाणा नाही, नवरा डोंगरावर. शिव्या देत देत ती त्याची भाकरी घेऊन भंडारा चढायची. कीर्तनात आपण तिला हसतो. मी आता हसत नाही. देव आहे आणि तो आपलं ऐकतो, हे तिने कधी नाकारलं नाही. ऐकूनही करीत काही नाही, एवढीच तिची तक्रार होती.

तेव्हा पारावरच्या त्या गप्प माणसाला कुणी 'देवाला काळजी' म्हणू नये असं मला वाटतं. त्याला ते आतून वाटलं तर तो म्हणेल, त्याच्या वेळेला. तोवर त्याच्या शेजारी बसावं, बियाण्याची एखादी पिशवी उसनी द्यावी, तो देवाला बोल लावील तर लावू द्यावा.

आठ दिवसांनी ती मुलगी भेटली. मी सांगितलं, "तुकोबांच्या बायकोला काय वाटलं ते गाथेत नाही. ती अन्न अन्न करीत गेली एवढंच त्यांनी लिहिलं आहे. पुढे देव भेटला, 'बरं झालं' म्हणाले, तरी ती ओळ त्यांनी झाकली नाही."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "असं असेल तर वाचते सर मी पुन्हा," आणि एस्टीची वेळ झाली म्हणून घाईघाईने निघून गेली.