बाबूराव अर्नाळकर आणि घराघरांत वाचली गेलेली रहस्यकथा

इंग्रजी वाङ्मयात रहस्यकथेचा एक सौम्य प्रकार ‘कोझी मिस्टरी’ या नावाने ओळखला जातो. या प्रकारात गुन्हा घडतो, बहुतेक वेळा खूनही होतो, परंतु रक्तपाताचे वर्णन वाचकाच्या डोळ्यांपुढे मांडले जात नाही. तपास करणारी व्यक्ती पुष्कळदा पोलीस खात्यातली नसून गावातलीच एखादी चौकस व्यक्ती असते, आणि कथेच्या अखेरीस गुन्हेगार सापडून विस्कटलेली घडी पुन्हा बसते. अगाथा ख्रिस्ती यांची वृद्ध मिस मार्पल ही या परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध शोधक असून, खुद्द ख्रिस्तीबाईंनी ६६ गुप्तहेर कादंबऱ्या लिहिल्या. मराठीत हा प्रकार त्याच्या मूळ रूपात फारसा रुजला नाही. मात्र ज्या गुणामुळे तो लोकप्रिय झाला तो गुण, म्हणजे भीती आणि उत्सुकता यांचा अनुभव देऊनही घरातल्या कोणाच्याही हाती निःसंकोच देता येईल असे पुस्तक असणे, बाबूराव अर्नाळकर यांच्या लेखनात भरपूर आढळतो, आणि विपुलतेच्या बाबतीत तर त्यांच्या शेजारी बसतील असे लेखक जगातही थोडेच आहेत.

बाबूराव अर्नाळकर हे टोपणनाव असून लेखकाचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचा जन्म झाला, आयुष्य मुख्यतः मुंबईत गेले आणि १९९६ साली त्यांचे निधन झाले. जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनीज ग्रंथाने त्यांच्या नावावर १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या १,०९२ रहस्यकथांची आणि त्याखेरीज काही ललितेतर पुस्तकांची नोंद केली होती. या आकड्याचा हिशेब केला, तर अठ्ठेचाळीस वर्षे सातत्याने दर महिन्याला सुमारे दोन पुस्तके असे प्रमाण पडते. त्यातली पुस्तके लहान आकाराची आणि थोड्या पानांची होती हे लक्षात घेतले, तरी इतक्या दीर्घ काळ कथानके रचत राहण्यासाठी लागणारी शिस्त असामान्यच म्हटली पाहिजे.

अर्नाळकरांचा वाचक मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यातही होता, आणि या जिल्ह्याला विपुल लेखन अपरिचित नाही. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांचा ‘गीतार्णव’ हा गीतेवरील ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे परंपरा सांगते, आणि त्यांनी लांबच लांब कापडावर लिहिलेली ‘पासोडी’ आजही अंबाजोगाईचे भूषण मानली जाते. भक्तिवाङ्मयातल्या विपुलतेकडे मराठी समाजाने आदराने पाहिले. रंजनपर वाङ्मयातली विपुलता मात्र मराठी समीक्षेला संशयास्पद वाटत आली, आणि अर्नाळकरांच्या वाट्याला वाचकांचे प्रेम जितके आले तितकी अभ्यासकांची उपेक्षाही आली. ही उपेक्षा अन्यायाची होती, कारण वाङ्मयाचा इतिहास लिहिताना समाज प्रत्यक्षात काय वाचत होता हा प्रश्न टाळून चालत नाही.

अर्नाळकरांच्या आधी मराठीत अद्भुत आणि रहस्यमय कादंबरीची वाट तयार झाली होती. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्स या इंग्रजी कादंबरीकाराच्या कथानकांना मराठी वेष चढवून ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्या लिहिल्या होत्या, आणि भुयारे, गुप्त दारे व वेषांतरे यांची गोडी त्यांनी वाचकाला लावली होती. अर्नाळकरांनी हे रहस्य गडकोटांतून आणि संस्थानी वाड्यांतून काढून मुंबईच्या रस्त्यांवर, मोटारीत, बंगल्यात आणि पोलीस कचेरीत आणले. इंग्रजी लेखकांचा, विशेषतः एडगर वॉलेस, कॉनन डॉइल आणि लेस्ली चार्टेरिस यांचा प्रभाव त्यांच्या लेखनावर उघड दिसतो. परंतु घेतलेले कथानक मराठी घराच्या उंबऱ्यातून आत येईल असे बेतून घेण्याचे कसब त्यांचे स्वतःचे होते. ‘चौकटची राणी’ हे त्यांच्या आरंभीच्या प्रसिद्ध पुस्तकांपैकी एक होय.

त्यांच्या यशाचे मर्म मालिकानायक या कल्पनेत आहे. मालिकानायक म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्वतंत्र कथांमध्ये कायम राहणारे प्रमुख पात्र. कथा बदलते, गुन्हा बदलतो, पण हे पात्र आणि त्याचा गोतावळा वाचकाच्या ओळखीचा असल्याने नव्या पुस्तकात शिरताना वाचकाला प्रस्तावनेची गरज उरत नाही. अर्नाळकरांनी असे अनेक नायक उभे केले. धनंजय आणि त्याचा सोबती छोटू यांची जोडी शेरलॉक होम्स व डॉक्टर वॉटसन यांच्या घाटणीची असून, तिच्या कथांत पुराव्यावरून निष्कर्ष काढण्याला महत्त्व आहे. झुंजार हा साहसी, देखणा आणि श्रीमंत नायक असून त्याची पत्नी विजया त्याच्या कथाविश्वाचा भाग आहे. चंद्रवदन ऊर्फ काळापहाड हा दुर्जन धनिकांना लुटून गांजलेल्यांना साहाय्य करणारा आणि त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरणारा नायक आहे. या तिघांत तर्काच्या कसोटीवर धनंजयच्या कथा अधिक घट्ट वाटतात, परंतु काळापहाडाची लोकप्रियता समजून घेण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. परकी सत्ता, युद्धकाळातील टंचाई आणि काळाबाजार अनुभवलेल्या वाचकाला, न्यायालयात न मिळणारा न्याय निदान कथेत मिळालेला पाहण्याची ओढ होती, आणि काळापहाड ती पुरवीत असे.

या कथांतला गुन्हा कितीही भयंकर असला, तरी भाषा सभ्य राहते, शृंगार सूचनेपुरता राहतो आणि हिंसेत रस घेतला जात नाही. याच मर्यादेमुळे ही पुस्तके वडिलांनी वाचून संपवल्यावर घरातल्या स्त्रिया आणि शाळकरी मुले यांच्या हाती जाऊ शकली. वाक्ये लहान, संवाद भरपूर आणि प्रकरणाचा शेवट उत्कंठेवर, ही रचना नुकतेच सलग वाचू लागलेल्या माणसाला पुढे पुढे नेणारी होती.

हा मुद्दा बीड जिल्ह्याच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचेच होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या कार्याशी जोडली गेलेली अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा हे त्या परिस्थितीत मराठी शिक्षण जिवंत ठेवणाऱ्या मोजक्या केंद्रांपैकी एक होते. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा या भागात मराठी शाळांतून बाहेर पडलेला मोठा वाचकवर्ग प्रथमच तयार होत होता. पुण्या-मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून वाचनाची जी सवय मुरत गेली, ती येथे एका-दोन पिढ्यांत लागायची होती. अशा वाचकाला पाठ्यपुस्तकापलीकडे नेणारे पुस्तक स्वस्त, सोपे आणि हातातून न सुटणारे असावे लागते. अर्नाळकरांची पुस्तके नेमकी तशी होती, आणि हे त्यांचे कार्य विक्रमाच्या आकड्याहून मोठे आहे.

पुस्तक वाचकापर्यंत पोचण्याचा मार्गही या लेखनाला आकार देत होता. त्या काळी पुस्तके भाड्याने देणारी खासगी वाचनालये होती, ज्यांना सर्क्युलेटिंग लायब्ररी म्हणत. तेथे थोडक्या पैशांत पुस्तक घरी नेऊन एक-दोन दिवसांत परत करायचे असे. एवढ्या जलद वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला सतत नवे काही द्यावे लागे, आणि प्रकाशकाची मासिक मागणी यातूनच निर्माण होत असे. म्हणजे अर्नाळकरांची विपुलता हा केवळ स्वभावाचा गुण नव्हता, तर ती या वितरणव्यवस्थेची गरजही होती. बीड शहराला रेल्वे अगदी अलीकडे मिळाली, त्यामुळे रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्याचे सुख परळीसारख्या ठिकाणापुरते राहिले आणि अन्यत्र वाचनालय हाच आधार होता. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे ठरवून अनुदानाची सोय केली, तेव्हा तालुक्यांत आणि मोठ्या गावांतही कपाटभर पुस्तके येऊ लागली.

अर्नाळकरांनी घडवलेल्या या वाचकावर पुढचे लेखक उभे राहिले. मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनीही हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. सुहास शिरवळकर यांनी फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद अशा मालिकानायकांपासून आरंभ करून पुढे ‘दुनियादारी’सारखी सामाजिक कादंबरी लिहिली, आणि रहस्यकथेचा वाचक त्यांच्यामागोमाग त्या कादंबरीपर्यंत गेला. रंजनाचे वाङ्मय वाचकाला तेथेच अडवून ठेवते, या आक्षेपाला याहून स्पष्ट उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

ही पुस्तके हलक्या कागदावर छापलेली आणि साध्या बांधणीची होती. सर्वाधिक वाचली गेल्यामुळे ती सर्वांत आधी फाटली, आणि जीर्ण ग्रंथ बाद करण्याच्या यादीत त्यांची नावे प्रथम चढतात. बीड जिल्ह्यातल्या जुन्या ग्रंथालयांनी अशी प्रत बाद करण्यापूर्वी तिचे शीर्षक, प्रकाशक आणि छपाईचे वर्ष टिपून ठेवावे, आणि शेवटच्या पानावर चिकटवलेले देवघेवीच्या तारखांचे पत्रक तरी जपावे. कोणते पुस्तक किती वेळा आणि कोणत्या वर्षांत घरी नेले गेले, याची मराठवाड्याच्या वाचनाविषयीची अस्सल नोंद त्या पत्रकावर आहे, आणि भावी अभ्यासकाला तिचा उपयोग दाखल नोंदवहीपेक्षाही अधिक होईल.